वडिलांची तोफखान्यातली रेजिमेंट: आधी पदकाची कड वाचा

वडील तोफखान्यात होते, त्यांची १९७१च्या युद्धाची पदकं आणि एक फोटो आहे, पण रेजिमेंट माहीत नाही, ती कशी शोधायची, असं तुम्ही विचारलंय. पदकं ब्रासोने घासू नका, कोरलेली अक्षरं झिजतात. त्यांचा सैनिकी क्रमांक आणि हुद्दा कडेवर किंवा मागच्या बाजूला असतो. भिंगाखाली, तिरप्या उजेडात वाचा. 'पूर्वी स्टार' हे पदक म्हणजे पूर्वेची, बांगलादेशची आघाडी, 'पश्चिमी स्टार' म्हणजे पश्चिमेची. एकट्या संग्राम पदकावरून आघाडी कळत नाही.

क्रमांक मिळणं सगळ्यात महत्त्वाचं. नुसत्या नावावर शोध अडतो, कारण एकाच नावाचे अनेक जवान असतात आणि स्पेलिंगही कारकुनाने ऐकलं तसं. पदकावर वाचता आलं नाही तर आईंच्या फॅमिली पेन्शनच्या पीपीओवर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावर) बघा.

जवान आणि जेसीओंची (सुभेदारासारख्या कनिष्ठ अधिकाऱ्यांची) कागदपत्रं नाशिक रोड कॅम्पच्या आर्टिलरी रेकॉर्ड्सकडे, म्हणजे तोफखान्याच्या अभिलेख कार्यालयाकडे असतात; अर्ज तिथे करा. क्रमांकाआधी 'आयसी' असेल तर ते अधिकारी. मग अर्ज दिल्लीला सेना मुख्यालयाकडे. सोबत मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा जोडा. 'सगळी माहिती द्या' असं मोघम लिहू नका. भरतीची तारीख, रेजिमेंट आणि नेमणुका स्पष्ट मागा. अर्जाचा मसुदा तुमच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दाखवून घेतलेला बरा.

पेन्शन नसलेल्यांची सेवापत्रं २५ वर्षांनी नष्ट करतात. तसं उत्तर आलं तरी थांबू नका, लाँग रोलमधली (जवानांच्या नोंदवहीतली) नोंद मागा; ती कायम ठेवतात.