खिडकीच्या तळाशी निजलेला म्हातारा कोण?

प्रश्न
चर्चमधल्या रंगीत काचेच्या खिडकीवर माहितीपत्रक लिहायचं आहे. तळाशी एक म्हातारा निजलाय, त्याच्या अंगातून झाड उगवलंय. फांद्यांवर मुकुटवाले राजे, त्यांच्या वर एक स्त्री, शेंड्याला येशू आणि भोवती सात कबुतरं. कोपऱ्यांत पंखवाले चौघे: देवदूत, सिंह, बैल, गरुड. अगदी वरच्या गोल तावदानात येशू डाव्या हाताने आशीर्वाद देतोय, ग्रीक वर्णमालेतलं पहिलं अक्षर अल्फा (Α) उजवीकडे आणि शेवटचं ओमेगा (Ω) डावीकडे. वरून वाचत आलं तर काही संगती लागत नाही.

उत्तर १
खालून वर वाचा. जुन्या खिडक्या बहुधा तशाच लावलेल्या असतात. निजलेला तो इशाय, दावीद राजाचा बाप, आणि झाड म्हणजे येशूची वंशावळ. आधार बायबलमधल्या यशयाच्या ग्रंथातला, यशया ११:१, इशायाच्या बुंध्याला फुटणारा धुमारा. वीणा हातात असलेला राजा दिसला तर तो दावीद. स्त्री म्हणजे येशूची आई, कुमारी मरीया. लॅटिनमध्ये धुमारा 'विर्गा' आणि कुमारी 'विर्गो', म्हणून ती ऐन खोडावर. फ्रान्समधल्या शार्त्रच्या कॅथेड्रलात सुमारे ११५० सालची अशीच खिडकी आहे. कबुतरं म्हणजे पवित्र आत्म्याची सात दानं, यशया ११:२. पत्रकात ओवी देताना जपा: हिब्रूवरून केलेल्या भाषांतरात दानं मोजाल तर सहाच भरतात. सातवं, भक्तिभाव, ग्रीक आणि लॅटिन पाठातलं.

उत्तर २
एक दुरुस्ती. कोपऱ्यातला तो देवदूत नव्हे, पंख असलेला मनुष्य, म्हणजे मत्तय. सिंह मार्क, बैल लूक, गरुड योहान, म्हणजे शुभवर्तमानं (येशूची चरित्रं) लिहिणारे चौघे. ही चार रूपं बायबलमधल्या यहेज्केल १ आणि प्रकटीकरण ४:७ मधली. मत्तयाचं शुभवर्तमान येशूच्या वंशावळीपासून सुरू होतं म्हणून त्याला माणूस. या झाडाशी त्याचं नातं पत्रकात जरूर सांगा. लूकची सुरुवात मंदिरातल्या याजकापासून, म्हणून यज्ञाचा बैल.

उत्तर ३
डावा हात हे प्रतीक समजू नका. आशीर्वाद उजव्या हातानेच देतात. गोल तावदान दुरुस्तीनंतर आतली बाजू बाहेर असं उलटं बसलेलं दिसतंय. अल्फा आणि ओमेगा ही अक्षरं आरशातही तशीच दिसतात, त्यामुळे बसवणाऱ्याला चूक कळत नाही. चूक उघडी पाडतो तो फक्त त्यांचा क्रम. खात्री अशी करा: टॉर्च काचेला जवळजवळ समांतर धरा. चित्राच्या रंगवलेल्या मुख्य काळ्या रेघा मंद, खरखरीत दिसतात, काच चकाकते. या रेघा आतल्या बाजूला हव्यात. चांदीच्या क्षारांचा पिवळा रंग मात्र सहसा बाहेरच्या अंगाला असतो. रेघा बाहेर असतील तर पाऊस थेट त्यांच्यावर पडतोय. रेघांचा काळा रंग म्हणजे धातूच्या ऑक्साइडसह भाजलेली काचेची पूड. भट्टीत कमी भाजला असेल तर ओल्या फडक्यानेही निघून येतो. आधी चेहराच जातो, कारण तिथल्या रेघा सर्वांत बारीक. पुसू नका, दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा. तावदान फिरवायचं तर आडव्या गजांना बांधलेल्या तांब्याच्या तारा सोडवून दुसऱ्या अंगाला नव्याने डाखाव्या लागतात. काचेचे तुकडे जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या वाकलेल्या असतील तर काच तडकते, तेव्हा हे जाणत्या कारागिराकडूनच करून घ्या.