मदत हवी आहे: रुग्णाची माहिती कोणाला द्यायची, कोणाला नाही?

छोट्या नर्सिंग होममध्ये हे प्रश्न हमखास येतात, नेमकी उत्तरं हवी आहेत:
१) पोलीस ठाण्यातून फोन: "अमक्या पेशंटचे पेपर व्हॉट्सअ‍ॅप करा." करावेत का?
२) एचआयव्ही पॉझिटिव्ह पुरुष बायकोला सांगायला तयार नाही. डॉक्टरने सांगावं का?
३) सतरा वर्षांची मुलगी, आईवडिलांसह गर्भपातासाठी. नाव कुठे जाऊ नये म्हणतात.

प्रतिसाद १
फोनवर काहीच देऊ नका, समोरचा खरंच पोलीस आहे हे तरी कशावरून? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ९१) पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी लेखी आदेशाने कागद मागू शकतो. गुन्हा क्रमांक, कोणते कागद, सही-शिक्का बघा. मागितलंय तेवढंच द्या. डिस्चार्ज कार्ड मागितलं तर अख्खी फाइल नको. साक्षांकित प्रती द्या, पोच घ्या, जावक वहीत नोंद करा. मूळ कागद जप्त करत असतील तर पंचनाम्याची प्रत घ्या आणि आधी स्वतःसाठी झेरॉक्स काढून ठेवा.

आणखी एक: वकील-अशिलासारखं कायदेशीर संरक्षण डॉक्टर-पेशंट संवादाला आपल्याकडे नाही. न्यायाधीशांनी विचारलं तर सांगावं लागतं.

प्रतिसाद २
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बरेच जण अजून १९९८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या 'मिस्टर एक्स' निकालावरून (होणाऱ्या बायकोला धोका असेल तर सांगता येतं, असं म्हणणारा) देतात. आता २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा आहे, आधी तो वाचा. कलम ९ प्रमाणे जोडीदाराला फक्त फिजिशियन किंवा समुपदेशक सांगू शकतो. नर्स, लॅबवाला, रिसेप्शन नाही. तेही सगळ्या अटी पुऱ्या झाल्यावरच: जोडीदाराला संसर्गाचा लक्षणीय धोका आहे असं वाटायला सबळ कारण हवं, पेशंटला स्वतःहून सांगण्यासाठी समुपदेशन झालेलं हवं, तरी तो सांगणार नाही याची खात्री हवी, आणि "आता मी सांगणार आहे" हे त्याला आधी कळवलेलं हवं. मग जोडीदाराला समुपदेशन करून, प्रत्यक्ष भेटीत सांगायचं. फोन, चिठ्ठी बाद. प्रत्येक पायरी तारखेसह केसपेपरवर लिहा, तक्रार झाली तर तेवढाच आधार उरतो.

उलट बाजूही आहे. सांगितल्याने मारहाण होईल, घराबाहेर काढतील अशी रास्त भीती असेल, विशेषतः पॉझिटिव्ह व्यक्ती स्त्री असेल तेव्हा, तर सांगायचं नाही. आणि एचआयव्हीच्या कागदांसाठी पोलिसांचं साधं पत्र पुरेसं समजू नका. पेशंटची लेखी संमती किंवा न्यायालयाचा आदेश मागा.

प्रतिसाद ३
तिसरा: अठराच्या आतली म्हणजे पॉक्सो (बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा). कलम १९ खाली पोलिसांना कळवणं सक्तीचं, न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद. पण सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की मुलगी आणि पालकांनी विनंती केली तर गर्भपात करणाऱ्या डॉक्टरने त्या माहितीत तिची ओळख द्यायची गरज नाही. म्हणजे घटना कळवायची, नाव नाही. विनंती लेखी घ्या, पालकाची गर्भपाताची लेखी संमती वेगळी. नाव फक्त गर्भपाताच्या गोपनीय नोंदवहीत. इतर कागदांवर तिथला अनुक्रमांक. इथेच चूक होते: ओटी (ऑपरेशन थिएटर) रजिस्टर आणि सोनोग्राफी रिपोर्टवर कुणीतरी सवयीने पूर्ण नाव लिहितं.

प्रतिसाद ४
पण २०२३ चे नवे एनएमसी (राष्ट्रीय वैद्यकीय आयोग) नियम आलेत ना? त्यात रेकॉर्डचं वेगळं आहे.

प्रतिसाद १
ते ऑगस्ट २०२३ मध्येच स्थगित झाले. चालतात ते डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम: नियम ७.१४ गोपनीयतेचा, आणि नियम १.३ प्रमाणे पेशंटने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने रेकॉर्ड मागितलं तर ७२ तासांत द्यायचं. आंतररुग्णाचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून किमान तीन वर्षं जपा. कोर्टात काही चालू असेल तर निकाल लागेपर्यंत हात लावू नका.

धागाकर्ता
आभार. अधिकार दिलेला माणूस म्हणजे मुलगा किंवा नवरा आपोआप?

प्रतिसाद २
नाही. पेशंट शुद्धीवर, सज्ञान असेल तर त्याची सही लागते. भरतीच्या फॉर्मवरच "माहिती कोणाला द्यायची" असा रकाना ठेवा.