तातडीचे: नाटकाची जाळी हवी आहे (मन्यासाठी)

प्रेषक: सु. जो.

मंडळी, नाटकातल्या बागेच्या प्रवेशाला लावलेली तारेची जाळी गोदामातच आहे ना? दोन-तीन महिन्यांसाठी हवी आहे. डावीकडच्या बाईंनी आज दाराच्या फटीतून चिठ्ठी सरकवली. आमच्या बोक्याने, मन्याने, पुन्हा त्यांच्या वाफ्यात. रोपं उपटून बाजूला, मधोमध खड्डा आणि वर माती नीट लोटलेली. पुढच्या वेळी रीतसर तक्रार करणार म्हणतात. बरं, रात्री घरात कोंडावा तर पहाटे जिन्याखाली बसून असा गळा काढतो की उजवीकडचे भिंत ठोकतात. सोडला तर डावीकडचे, कोंडला तर उजवीकडचे! गोदामाची चावी कोणाकडे आहे तेवढं सांगा, मी येऊन घेऊन जाते.

प्रेषक: दे. ना.

चावी माझ्याकडे आहे. जाळी सेटची आहे, बागकामाची नव्हे. तिला हिरवा रंग दिलाय, कापडी पानं एकेक करून बांधली आहेत, ती कोणी बांधली हे तालमीला येणाऱ्यांना माहीत आहे. मातीत गेली की संपली. शिडीचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंच. ‘परवा आणून देतो’ म्हणून गेली, ती गेलीच. नाव घेत नाही.

शिवाय आमच्या लहानपणी घरात मांजरं असायची, त्यांच्यासाठी कोणी जाळ्या विणत बसलं नाही.

प्रेषक: प्र. शं.

> नाव घेत नाही.

घ्या ना काका. शिडी मी खजिनदारांच्या गॅरेजमध्ये ठेवली होती, त्यांच्यासमोर. पुढचं त्यांना विचारा.

प्रेषक: मी. का.

शिडीचं तुम्ही बघा. ताई, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती साधी जाळी पुरेल, सेटचीच कशाला? ती कुंपणासारखी उभी लावायची नाही. उभ्या जाळीवरून मन्या सहज उडी मारेल. आडवी अंथरायची आणि वर दोन बोटं माती. रोपं भोकांतून वर येतात, मांजर उकरायला गेलं की पंजा तारेला अडतो आणि ते दुसरी जागा शोधतं. कापलेली टोकं खाली वळवा, नाहीतर पंजे फाटतील. बाईंना वाफा ओला ठेवायलाही सांगा, मांजराला भुसभुशीत कोरडी माती लागते.

पण आधी सांगा, नसबंदी झाली आहे का? आणि तो खाली बसतो, की भिंतीला पाठ करून, शेपूट थरथरवत मागे फवारा मारतो? दोन्ही प्रकार वेगळे. फवारे हे हद्द आखण्याचं काम, ते नसबंदीनंतर बहुतेक बोक्यांचं थांबतं, दहातला एखादा तरीही मारतो. आणि सारखा बसतोय पण थेंबभरच होतंय असं दिसलं तर लिस्टवर विचारत बसू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. बोक्याचा मूत्रमार्ग तुंबला की एक-दोन दिवसांत जिवावर बेततं.

प्रेषक: श. वा.

एवढं कशाला, चार डांबरगोळ्या टाका वाफ्यात. मांजर फिरकणार नाही.

प्रेषक: मी. का.

काकू, कृपा करून नको!! डांबरगोळी विषारी असते, मांजरालाही आणि तिथे खेळणाऱ्या पोरांनाही. निलगिरीचं, लिंबाच्या सालीचं तेल शिंपडायचं सुचवायला कोणी निघालं असेल तर तेही नको. असल्या तेलांचा निचरा मांजराच्या यकृताला नीट जमत नाही. आणि बाईंच्या वाफ्यात लिली आहे का तेवढं बघून घ्या. तिचे नुसते परागकण अंगावरून चाटले तरी मांजराची किडनी जाते.

प्रेषक: नि. ध.

अल्ट्रासॉनिक यंत्र कोणी घेणार असेल तर माझं घेऊन जा. मांजराला आपल्या तिप्पट उंच आवाज ऐकू येतो, म्हणून ते पळतं असं डब्यावर लिहिलंय. आमच्या इथली मांजर त्याच्यासमोर बसून अंग चाटते. हालचाल टिपून पाणी उडवणारा फवारा मात्र कामाचा. फक्त तो चालू असताना पाहुणे बोलावू नका, अध्यक्षांना विचारा.

प्रेषक: सचिव

सर्वांना नम्र विनंती. ही लिस्ट मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आहे. मांजर, जाळी, शिडी यांची चर्चा व्यक्तिशः करावी.

प्रेषक: प्र. शं.

आणि गाद्या विकायच्या होत्या तेव्हा? आठवडाभर चाललं होतं, पहिला मेल कोणाचा होता?

प्रेषक: सु. जो.

नसबंदी कधीच झाली आहे, फवारे नाहीत, खड्डा करून नीट बसतो. घरात ट्रे आहे, झाकणवाला, वॉशिंग मशीनशेजारी. त्यात दिवसा जातो, रात्री नाही.

उजवीकडच्या सुनेला दिवस गेलेत, त्यामुळे आता ती माणसं मन्या अंगणात दिसला तरी घाबरतात. श. काकू फोनवर म्हणाल्या, मांजरामुळे गर्भाला धोका असतो. खरं आहे का?

प्रेषक: मी. का.

धोका टोक्सोप्लाझ्मा नावाच्या सूक्ष्म परजीवीचा, पण तो मांजर जवळून गेल्याने होत नाही. मांजराला पहिल्यांदा लागण झाली की साधारण एक ते तीन आठवडे विष्ठेतून ते बाहेर पडतं, पुढे सहसा नाही. ताज्या विष्ठेतूनही लगेच लागण होत नाही, त्याला निदान एक दिवस लागतो. म्हणून ट्रे रोज साफ करायचा, आणि तो त्या मुलीने करायचा नाही. मातीत मात्र ते महिनोन् महिने टिकतं, तेव्हा बागकाम हातमोजे घालून आणि नंतर हात धुऊन, मग मांजर कोणाचंही असो. काकूंना सांगा, मी फोन करते.

ट्रे मशीनशेजारून हलवा! मशीन रात्री लावत असाल तर तो तिकडे कसा फिरकेल? झाकणही काढा, वास आत कोंडतो. बारीक, बिनवासाची रेती भरा. एक ट्रे पुरत नसेल तर दोन ठेवा. आणि तुमच्याच अंगणाच्या कोपऱ्यात, झुडपाआड, कोरड्या वाळूचा एक हातभर वाफा करा. बाईंच्या मातीपेक्षा ती त्याला सोयीची वाटली पाहिजे, बाकी जाळी-बिळी त्यानंतर.

प्रेषक: नि. ध.

पहाटेच्या ओरडण्याचं कोणीच बोललं नाही. आमच्या मांजरीला असंच होतं. मांजर पहाटे आणि सांजवेळी सर्वांत जागं असतं, ते काही आपल्याला छळायला नाही. झोपण्याआधी दोरी ओढत दमेपर्यंत खेळवायचं, मग जेवण. ओरडलं तर उठायचं नाही. एकदा उठून दार उघडलंत की तेच शिकतं. पहिल्या काही रात्री जास्तच ओरडेल, तेवढ्यापुरतं उजवीकडच्यांना आधी सांगून ठेवा. म्हातारा असेल आणि हे नव्यानेच सुरू झालं असेल तर थायरॉइड तपासून घ्या, आमचीचं तेच निघालं.

प्रेषक: श. वा.

मी फोनवर फक्त काळजी घ्या म्हटलं होतं. लोक शब्द फिरवतात.

प्रेषक: दे. ना.

ठीक आहे. ताईंना खुराड्याची जाळी मिळेपर्यंत सेटचा एक तुकडा घेऊन जा, जो पडद्यामागे होता, बिनपानांचा. उद्या सहानंतर, सही करून. कापायची नाही. आणि खजिनदारांनी शिडीबद्दल अजून एक अक्षर लिहिलेलं नाही याची नोंद घ्यावी.

प्रेषक: सु. जो.

काका, आभारी आहे. ट्रे हलवला, झाकण काढलं, वाळू आणायला निघाले आहे. बाईंकडे स्वतः जाऊन वाफा साफ करून दिला, हातमोजे घालून. रोपं बदलून देते म्हटल्यावर त्या निवळल्या, जाळी अंथरायलाही तयार आहेत. फक्त वाफा लांबट आहे आणि तुकडा चौकोनी. तार कापायची पक्कड कोणाकडे आहे?

प्रेषक: दे. ना.

दुमडा.