बुटाला ड्रिल लावून काय सिद्ध झालं?

घसरगुंडी:
'सर्वात टिकाऊ स्केट शूज' हा स्केटबोर्डवाल्यांच्या बुटांवरचा लेख वाचला आणि डोकं सणकलं. लेखकमहाशयांनी ड्रिलला पॉलिश पेपर लावला, प्रत्येक बुटाच्या चवड्यावर मधोमध धरला, ज्याला उशिरा भोक पडलं तो विजेता. वाटीसारख्या जाड तळाचा कपसोल पहिला, पातळ, लवचिक तळाचा व्हल्कनाइज्ड शेवटचा. या माणसाने आयुष्यात एक तरी ऑली, म्हणजे बोर्डसकट उडी, मारलीय का? बूट मधोमध झिजतच नाही! ऑलीला किंवा बोर्ड हवेत गरकन फिरवणाऱ्या किकफ्लिपला पुढचा पाय बोर्डवरच्या खरखरीत ग्रिप टेपवरून तिरका ओढला जातो आणि करंगळीच्या बाजूची कड जाते. बोर्ड उलट्या बाजूला फिरवणाऱ्या हीलफ्लिपवाल्याचं भोक बोटांच्या टोकाकडे. त्यात आधी शिवण उसवते, नाहीतर त्या बाजूची लेस तुटते. ड्रिलखाली यातलं काय आलं? आणि 'फील' एका ओळीत उरकलाय. व्हल्कमध्ये बोर्ड पहिल्या दिवसापासून तळव्याला कळतो. कपसोल सुरुवातीला नुसता ठोकळा, वाकायला लागेपर्यंत आपण वैतागतो. पायऱ्यांवरून उडी मारल्यावर टाच वाचवतो, हे मान्य.

पायताण:
घसरगुंडीसाहेब, तुमचं वजन, तुमची ट्रिक, तुमची ग्रिप. तुमच्या बुटाला कधी भोक पडलं याचं मी काय लोणचं घालू? ड्रिल निदान सगळ्यांना सारखंच छळतं. कॅनव्हास सुएडच्या, म्हणजे लवदार कातड्याच्या, आधी फाटला, हा निकाल खोटा आहे का?

घसरगुंडी:
ते शेंबडं पोरही सांगेल. त्यासाठी ड्रिल कशाला?

ठाणेकरीण:
तुमचं चालू द्या. माझ्या मुलाचे एवढे महागाचे बूट महिनाभरात फाटले. शाळेचे वर्ष काढतात! शेवटी स्टेशनबाहेरच्या मोच्याने सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापला, कडा कानशीने घासल्या, सोल्युशन लावून भोकावर बसवला. चहाच्या पैशात काम झालं.

पायताण:
काकू, ट्यूबचं रबर ग्रिपवर अडकतं. फ्लिप करताना पाय सुटणार नाही, पोरगं तोंडावर आपटेल. भोकावर शू गू, म्हणजे ट्यूबमध्ये मिळणारा बूट दुरुस्तीचा गोंद, लावायचा, रात्रभर सुकू द्यायचा. बुटांचं कळत नसेल तर सल्ले देऊ नयेत.

ठाणेकरीण:
काकू कोणाला म्हणतोस रे? तुझी ती परदेशी ट्यूब केवढ्याला पडते ते सांग आधी. मोच्याचा हात लागला की लगेच कमीपणा वाटतो तुम्हाला.

पायताण:
कमीपणाचा संबंध काय? घर्षणाबद्दल बोलतोय मी! काहीही कुठेही नेऊन जोडायचं.

खाडीपलीकडचा:
ताईंना झोडपण्याआधी एक आठवा. १९८९ मध्ये व्हॅन्स या बूट कंपनीने स्टीव्ह कॅबलेरो या स्केटबोर्डरच्या नावाचा घोट्यावर येणारा बूट काढला. पोरांनी तो कात्रीने कापून आखूड केला, कडेला टेप गुंडाळली. ते बघून १९९२ मध्ये कंपनीचाच आखूड 'हाफ कॅब' आला. म्हणजे अक्कल आधी रस्त्यावरच आली, कारखान्यात मागाहून. बाकी आमच्याकडे खरी चाचणी पावसाळा घेतो. सुएड कपाटात राहिला की बुरशी. त्याला कुठलं ड्रिल लावणार?

घसरगुंडी:
पावसाचा वेगळा धागा काढा. पण ट्यूबवरून सुचलं, व्हॅन्सच्या ड्युराकॅपमध्ये तरी काय असतं? सुएडच्या खाली रबराचा थर. वरचं कातडं झिजलं तरी पाय लगेच उघडा पडत नाही. ताई, बूट नवा असतानाच ट्यूब आतून लावून घ्या. बाहेर सुएड राहील, अडकणार नाही.

पायताण:
आतून लावलं तर बोटांना जागा उरत नाही. बूट घट्ट, मग फील कुठला? पण ठीक आहे, पातळ तुकडा असेल तर चालेल. ठाण्याच्या मोच्याला पेटंट देऊन टाका, आम्ही शू गूवाले हिमालयात जातो.

ठाणेकरीण:
जाताना कानटोपी न्या.

घसरगुंडी:
आणि ड्रिलवाल्याचं काय?

पायताण:
त्याने ड्रिल करंगळीच्या कडेला, शिवणीवर तिरकं धरायला हवं होतं, एवढंच मानतो. चाचणीच नको, हे नाही मानत. तुम्ही बूट पायात घालून 'वाटतं' म्हणणार आणि आम्ही त्यावर पैसे घालणार?

घसरगुंडी:
पायात घालायची वस्तू पायात घालूनच कळणार ना, महाराज!

खाडीपलीकडचा:
ताई, तो मोची पूर्वेला बसतो की पश्चिमेला?

ठाणेकरीण:
पश्चिमेला. सोमवारी नसतो. बूट धुऊन न्या, वास मारत असेल तर तो हात लावत नाही.