एला ग्रासो यांचाही विचार व्हावा
अमेरिकेतील पहिल्या महिला गव्हर्नर (राज्याच्या निवडून आलेल्या प्रमुख) कोण, या प्रश्नावर नेली टेलो रॉस यांचे नाव दिले जाते, आणि हा मुद्दा बरोबरच आहे. मात्र १९२५ साली वायोमिंग राज्याची सूत्रे त्यांच्याकडे आली ती पतीच्या निधनाने रिकाम्या झालेल्या जागेमुळे. पतीने ते पद आधी भूषवलेले नसताना निवडून आलेल्या पहिल्या महिला गव्हर्नर म्हणजे कनेक्टिकट राज्याच्या एला ग्रासो, आणि मला त्यांची वाटचाल अधिक महत्त्वाची वाटते, कारण १९५२ मध्ये राज्याच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आल्यापासून राज्याचे सचिवपद आणि पुढे अमेरिकी काँग्रेस अशा पायऱ्या चढत, एकही निवडणूक न हरता, त्यांनी १९७४ मध्ये हे पद जिंकले. १९७८ च्या हिमवादळात रस्ते बंद करण्याचा कठोर (आणि माझ्या मते योग्य) निर्णय त्यांनी घेतला, त्याच वर्षी त्या पुन्हा निवडून आल्या. कर्करोगामुळे मात्र १९८० च्या अखेरीस त्यांना राजीनामा द्यावा लागला.