नाताळची मसाला-चॉकलेट बिस्किटं : किनाऱ्यावरच्या घरांतले अनुभव

डिसेंबर लागला की वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत कितीतरी घरांत कोकोचा डबा उघडतो. कोको, दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंग, मिरी घातलेली आणि वरून पांढऱ्या आयसिंगनं नटवलेली बिस्किटं आता नाताळच्या ताटात पक्की बसली आहेत. पण व्हिडिओंमधल्या बहुतेक कृती थंड, कोरड्या हवेतल्या असतात. आपल्याकडे डिसेंबरातही दुपारी पारा तिशीपार जातो. लोणी पोळपाटावरच पाघळतं आणि संध्याकाळी समुद्रावरचं वारं फिरलं की आयसिंग वाळायचं नाव घेत नाही. आपल्या हवेत काय जमतं ते आपणच एकमेकांना सांगायला हवं, म्हणून हा धागा. मसाला कुठला घेता, भाजता कशात, सजवता कसं, ताट कोणाकडे पाठवता, सगळं लिहा. वजनं दिलीत तर सोन्याहून पिवळं.

सुरुवात मी करते.

रत्नागिरी

आमच्या घरी नाताळ सण म्हणून नसतो, पण सुट्टीत मुंबईची भावंडं येतात आणि पोरांना हीच बिस्किटं हवी असतात. माझा सगळा जीव मसाल्यात आहे. सासऱ्यांनी भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रात लाखीबाग (माडांच्या बागेत मसाल्याची झाडं घेण्याची पद्धत) पाहून आमच्या माडांच्या सावलीत जायफळ, दालचिनी आणि मिरीचे वेल लावले. दालचिनी दापोलीच्या विद्यापीठाची, 'कोकण तेज'. पाऊस सरला की फांद्या तोडतात, वरची खरबरीत साल खरवडतात, पितळी दांड्यानं घासून आतली साल सुटी करतात आणि सावलीत वाळवतात. ती बोटांनी मोडते. बाजारात मिळणारा जाड, कडक तुकडा बऱ्याचदा वेगळ्याच झाडाचा असतो, त्याला तिखटपणा जास्त.

जायफळ कवचात खुळखुळायला लागलं की वाळलं असं समजायचं. कवच बत्त्यानं हलक्या हातानं फोडते आणि जायफळ थेट मैद्यावर किसते. आधी किसून ठेवलं तर वास उडून जातो, मग कितीही घाला, नुसता कडवटपणा येतो. हा एक मुद्दा मी सगळ्यांना आग्रहानं सांगते.

माप : मैदा 250 ग्रॅम, कोको 50 ग्रॅम, लोणी 150 ग्रॅम, पिठीसाखर 130 ग्रॅम, एक अंडं, छोटे दोन चमचे दालचिनी, एक चमचा सुंठ, लवंग-मिरी-जायफळ प्रत्येकी पाव चमचा, चिमूटभर मीठ. लोणी-साखर फेसायची, अंडं घालायचं, मग कोरडं सगळं. फार मळायचं नाही, नाहीतर चिवट होतात. गोळा चपटा करून फ्रीजमध्ये निदान दोन तास. अर्धा सेंटिमीटर जाड लाटून कापायचं आणि कापलेले आकार ट्रेसकट पुन्हा दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवायचे, तर चांदणीची टोकं भाजताना पसरत नाहीत. 170 अंशांवर दहा ते बारा मिनिटं.

वसई

आमच्याकडे नाताळ म्हणजे फुगे आणि कुलकुल हे तळलेले पदार्थ, चॉकलेटची बिस्किटं माझ्या मुलींनी आणली. पण आईनं ती लगेच आपलीशी केली. भाजायला मात्र तिला घरातला ओव्हन पटत नाही. गावातल्या बेकरीत नानकटाई भाजून आणायची पद्धत आहेच, त्याच भट्टीत आम्ही ही बिस्किटं नेतो. पहाटेचे पाव निघाले की भट्टी उतरायला लागते. तेव्हा जायचं, आधी गेलं तर तळ करपतो. पत्र्याचे ट्रे बेकरीवालाच देतो आणि किलोवर पैसे घेतो. नाताळच्या आठवड्यात त्या दारात बायकांची रांग असते, प्रत्येकीच्या डोक्यावर नाहीतर कमरेवर परात. कोणाची नानकटाई, कोणाचा केक, आमचं हे काळं पीठ.

काळ्या पिठाची अडचण अशी की भाजल्याचा रंग दिसत नाही. आई कडेला बोट लावते. कड घट्ट आणि मध्य किंचित मऊ असला की ट्रे बाहेर. गार झाल्यावर मध्य आपोआप कडक होतो.

देवगड, सध्या बोटीवर

मी क्रूझ बोटीच्या बेकरी विभागात काम करतो. नाताळच्या महिन्यात आमच्याकडे जर्मन पद्धतीची लेबकुखन, म्हणजे मसाल्याची बिस्किटं, आणि मिरी घातलेली छोटी गोल बिस्किटं ढिगानं होतात. न्यूरेंबर्ग शहराच्या लेबकुखनला युरोपात भौगोलिक मानांकन आहे, आपल्या हापूसला आहे तसं. त्यातली मिरी, दालचिनी, जायफळ, वेलची, लवंग सगळी उष्ण समुद्रकाठची. तिथे मिरी उगवत नाही आणि आपल्या आजीच्या कुंपणावर वेल चढलेला असतो, हे मला तिथे उभं राहून फार जाणवतं. सुट्टीवर आलो की परसातली मिरी घेऊन जातो.

कामाचं सांगतो. मसाल्याचं पीठ रात्रभर थंडीत ठेवा. मैदा ओल पितो, मसाला लोण्यात उतरतो, दुसऱ्या दिवशी चव गोलाईला येते. दुसरं, कोकोच्या डब्यावर अल्कलीचा उल्लेख आहे का ते वाचा. साधा कोको आंबटसर असतो, त्याच्याबरोबर खायचा सोडा काम करतो. अल्कली लावलेला कोको गडद आणि सौम्य, त्याच्यात आंबटपणा उरलेला नसतो, म्हणून नुसता सोडा घातला तर साबणासारखी चव राहते. ताईंच्या मापात सोडाच नाही, त्यामुळे दोन्ही कोको चालतील आणि आकारही रेखीव राहतील. आकाराच्या बिस्किटांना फुगवण नकोच.

मालवण

सजावटीबद्दल लिहिते. मी लग्नसराईत मेंदी काढते, त्यामुळे आयसिंगला वेगळं काही शिकावं लागलं नाही. प्लॅस्टिकचा तोच कोन, टोक सुईएवढं कापलेलं. एका अंड्याच्या पांढऱ्याला साधारण 150 ते 180 ग्रॅम आयसिंग शुगर आणि लिंबाचे चार थेंब. रेघांसाठी घट्ट ठेवायचं, चमचा उचलल्यावर टोक उभं राहिलं पाहिजे. भरण्यासाठी त्यातलंच थोडं पाण्याच्या थेंबांनी सैल करायचं. सुरी फिरवून पाडलेली रेघ दहा-बारा सेकंदांत मिटली की बरोबर.

आधी कडेची रेघ, ती सुकली की आतलं भरण, सुई फिरवून हवेचे बुडबुडे फोडायचे. बिस्किट पूर्ण गार हवं. कोमट असलं तर लोणी वर येतं आणि पांढऱ्यावर पिवळे डाग पडतात. काळ्या बिस्किटावर पांढरी रेघ इतकी उठून दिसते की रंगांची गरजच नाही. मी घंटा आणि तारे काढतेच, पण माड, शिडाची होडी आणि पापलेटही काढते. पापलेटाचे खवले काढताना कोन जरासा तिरका धरून टिंब ओढायचं, म्हणजे अर्धगोल आपसूक येतो. पोरं आधी तेच उचलतात.

वाळवायचं सकाळी नऊनंतर, ऊन वर आल्यावर, पंख्याखाली. संध्याकाळी सजवायला बसू नका. फारच दमट असेल तर ओव्हन 50 अंशांवर, दार किंचित उघडं.

गुहागर

ओव्हन नाही म्हणून कोणी थांबू नका. जाड बुडाच्या कढईत दोन वाट्या मीठ पसरा, त्यावर तिवई, घट्ट झाकण, दहा मिनिटं मध्यम आचेवर तापू द्या. मग स्टीलच्या ताटलीत बिस्किटं ठेवून आच बारीक करा. पंधरा-अठरा मिनिटं लागतात, एका वेळी सहा-सातच होतात. वीज गेली तरी काम चालू राहतं, आमच्या वाडीत हा मोठाच फायदा.

कुडाळ

आयसिंगऐवजी आम्ही बिस्किट अर्धं चॉकलेटमध्ये बुडवतो. कोकोतलं लोणी 34 अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे दुपारी हाताला लागतं. यावर आमचा उपाय कोकमाच्या बियांचं तेल. भेगाळलेल्या टाचांना लावायला घरात गोळा असतोच, पण खाण्यासाठी शुद्ध केलेलं, वास नसलेलं वेगळं आणतो. ते सुमारे 40 अंशांपर्यंत घट्ट राहतं आणि कोकोच्या लोण्याशी चांगलं जुळतं. चॉकलेटमध्ये कोकोच्या लोण्याबरोबर थोडं मिसळायला युरोपात परवानगी असलेल्या सहा वनस्पतिजन्य स्निग्धांत आपलं कोकम आहे, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला. 100 ग्रॅम चॉकलेटला छोटा अर्धा चमचा पुरे.

आम्ही पिठात बेडगीचं तिखटही चिमूटभर घालतो. शेजारच्या काकींनी पहिला घास घेतला आणि विचारलं, "काय गो बाय, ह्या चॉकलेट तिखट कित्याक लागता?" पुढच्या वर्षी डबा त्यांनी स्वतः मागून घेतला. मेक्सिकोकडे कोको मिरचीबरोबर पिण्याची रीत फार जुनी, तेव्हा ही जोडी काही उपरी नाही.

दापोली

शाकाहारी घरांत ताट पाठवायचं तर? आयसिंगला काबुली चणे शिजवलेलं पाणी आटवून दाट करा, गार करून अंड्याच्या पांढऱ्यासारखं फेसा. छान फेस येतो, वासही जातो. लहान मुलं आणि गरोदर बायकांसाठी कच्च्या अंड्यापेक्षा हे बरं. पिठात अंड्याऐवजी तीन चमचे दही चालतं. आमचा बचत गट अशी बिस्किटं विकतो. विकणाऱ्यांनी एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी करा आणि डब्यावर मैदा, दूध, अंडं काय आहे ते ठळक लिहा.

वेंगुर्ला

आमच्या वाड्यावर गणपतीत मोदक आणि करंज्या आमच्याकडे येतात आणि नाताळला आमचं ताट जातं. आजी असताना ताटात नेवऱ्या (करंज्या), दोदोल (नारळ-गुळाची मऊ मिठाई) असायचं, वर क्रोशाचा रुमाल. रुमाल तोच आहे, खाली आता ही बिस्किटंही असतात. रिकामं ताट परत येत नाही, निदान मूठभर साखर तरी घालतातच. मी बिस्किटांवर प्रत्येक घराचं आडनाव काढते. मुलं आपल्या घराचं शोधत बसतात, मला ते बघायला फार आवडतं.

एक विचारायचं होतं, मुंबईला लेकीकडे पाठवायची तर आयसिंग टिकेल का?

रत्नागिरी

टिकेल. सजवल्यावर पूर्ण एक दिवस वाळू द्या आणि फ्रीजमध्ये अजिबात ठेवू नका, बाहेर काढल्यावर घाम सुटतो आणि रेघा पसरतात. पत्र्याचा चौकोनी डबा घ्या, बटरपेपरच्या थरांत उभी लावा, आडवी नको. कोपऱ्यात कोरड्या तव्यावर परतलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवा, ओल ती ओढून घेते. डबा सामानाच्या खणात टाकू नका, जाणाऱ्याच्या मांडीवर द्या.