रेजेक्सची चूक दुरुस्त करायची की जपायची?

रात्रपाळी: काल इथे कुणीतरी लिहिलं, "इंजिनातल्या रेजेक्सच्या जुन्या चुकांना हात लावू नका, चालत्या स्क्रिप्ट मोडतात." (रेजेक्स म्हणजे मजकुरात नमुना शोधायची खूणभाषा, इंजिन म्हणजे तो शोध घेणारा कोड, स्क्रिप्ट म्हणजे छोटा प्रोग्राम.) वाचून डोकंच फिरलं. पायथन या प्रोग्रामिंग भाषेची ३.७ आवृत्ती घ्या. त्याआधी 'अबयड'मध्ये य-तारा ('य' कितीही वेळा, शून्य वेळाही) शोधून जागोजागी रेघ टाकली की '-अ-ब-ड-' मिळायचं. 'य' जुळल्यावर लगेच येणारी रिकामी, म्हणजे शून्य 'य'ची, जुळणी इंजिन गिळून टाकायचं. पर्ल ही दुसरी भाषा ती मोजते. २०१८ साली पायथननेही मोजायला घेतली: '-अ-ब--ड-'. बरोबरच केलं. चूक सांभाळत बसलात तर प्रत्येक नवा माणूस तिथेच ठेचकाळणार.

जुनाखांब: तो "कुणीतरी" मीच. बरोबर केलं म्हणे! अपग्रेडनंतर माझ्या अहवालांत रेघा दुप्पट झाल्या. एरर नाही, काही नाही, आउटपुट गुपचूप बदललेलं. कारण सापडेपर्यंत दोन रात्री गेल्या. तुमच्या शुद्धतेची किंमत मी का मोजायची?

रात्रपाळी: कोड तपासणाऱ्या टेस्ट लिहिल्या असत्या तर दोन मिनिटांत कळलं असतं.

जुनाखांब: टेस्टला वेळ कोण देतं? माझं काम माहीत नसताना तोंडाला येईल ते बोलू नका.

मात्रावेलांटी: तुम्ही रेघांवरून भांडताय, इथे शब्दच तुटतात. पायथनच्या आरई मॉड्यूलमध्ये, म्हणजे सोबत येणाऱ्या रेजेक्सच्या तयार कोडमध्ये, बॅकस्लॅश-डब्ल्यू-प्लस ('शब्दातली एक किंवा जास्त अक्षरं') लावून 'मराठी' शोधा. हाती 'मर' आणि 'ठ' लागतात. काना-वेलांटी युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकाच्या, 'मार्क' वर्गात, आणि हा डब्ल्यू अक्षरं, अंक नि अंडरस्कोरपुरताच. युनिकोडचं रेजेक्सचं टिपण, यूटीएस १८, मार्क शब्दातच धरायला सांगतं. मी शब्द मोजायला स्क्रिप्ट लिहिली, तर यादीत नुसता 'म'. तो 'मी' होता!

टेस्टवाली: 'रेजेक्स' नावाचं वेगळं मॉड्यूल आहे, ते घ्या की.

मात्रावेलांटी: तेच वापरते. पण इंग्रजीत लिहिणाऱ्याला वेगळं मॉड्यूल का लागत नाही?

जुनाखांब: डब्ल्यू बदललात तर उद्या किती फॉर्मची तपासणी बदलेल, विचार केलाय?

मात्रावेलांटी: बदलू दे! एका फॉर्मने माझ्या आईचं नाव 'अवैध अक्षरे' म्हणून तीनदा परत पाठवलं. शेवटी तिने इंग्रजीत भरलं. तुमच्या दोन रात्री गेल्या, तिचं नाव गेलं.

टेस्टवाली: यावर काय बोलणार? त्या तपासणीच्या टेस्टमध्ये एकही मराठी नाव नसणार.

जुनाखांब: बरं, आईच्या नावाचं पटलं. डब्ल्यू बदला. पण आधी एक आवृत्ती नुसती वॉर्निंग द्या, मग बदला.

रात्रपाळी: वॉर्निंगचं मला मान्य.

जुनाखांब: रेघांचा बदल मात्र मला आजही पटलेला नाही.